पाळण्यात घातलेला हात

मामी,

तुम्हाला माती देऊन आलो त्या संध्याकाळी घरात माणसं मावत नव्हती. बायका आत तुमच्या सुमतीभोवती बसलेल्या, पुरुष ओसरीवर माझ्याभोवती. कुणीतरी विचारलं, "कसं झालं हो?" आणि मी सांगायला लागलो. तुमचं दुखणं, तुमचं अंथरूण, शेवटची दुपार. सांगता सांगता मी म्हणालो, "सासू न्हवती, आईच होती. मला आता कोण राहिलं?" आणि बरोब्बर तिथं माझा आवाज दाटला. समोरच्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. बरं वाटलं. मग आणखी कुणी आलं, त्यानंही विचारलं, मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि पुन्हा त्याच वाक्याला आवाज दाटला.

तेव्हा तुम्ही मला स्पष्ट ऐकू आलात. भिंतीला टेकून, पाय लांब करून, सुपातली ज्वारी निवडत. "जावईबापू, आज बराबर जाग्यावर रडू आलं बघा."

मी उठून मागच्या अंगाला गेलो आणि उपरण्यात तोंड खुपसून हसलो. तुम्हाला पुरलं त्याच दिवशी हसलो. सुमतीला हे अजून सांगितलेलं नाही.

पाळकसाहेबांनी कबरीपाशी तुमची माहिती वाचून दाखवली. सुगंधाबाई, जन्म अमक्या गावी, बाप्तिस्मा लहानपणी, लग्न, लेकरं, वैधव्य, प्रभूवर अढळ श्रद्धा. सगळं खरंच होतं. पण ऐकताना वाटत राहिलं की ही कुणा दुसऱ्या बाईची माहिती आहे. त्यात तुमचं ते डोक्यावरचा पदर सावरून मला झाडणं नव्हतं. जावयाचा मान म्हणून माझ्यासमोर तुम्ही कधी बाजेवर बसला नाहीत, मला कधी एकेरी बोलला नाहीत, आणि जन्मात कुणी केली नसेल एवढी माझी कानउघाडणी केलीत, तीही अहो-जाहो करून. म्हणून हे लिहायला बसलोय. डाव्या हाताचं माझं अक्षर तुम्हाला माहीतच आहे. कोंबडीनं उकरल्यासारखं.

माझा उजवा हात गेला त्या वर्षी पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. श्रावण कोरडा गेला, भादवा कोरडा गेला. ज्याच्याकडं जुना कडबा शिल्लक होता तो कुट्टी करून पुरवून पुरवून जनावरांना घालत होता. मी एकाच्या शेतात कडबा-कुट्टीच्या यंत्रावर कामाला होतो. पेंढी आत सारताना शर्टाची बाही अडकली. पुढचं मला सांगता येतं, एके काळी तर फार चांगलं सांगता यायचं, पण आज सांगत नाही. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात जीव वाचला. कोपराच्या खाली थोडा हात राहिला, बाकीचा गेला.

आपल्याकडं ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते आणि त्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटं माणूस गेलं तर अर्धा कोयता. लग्न झाल्यापासून सुमती आणि मी एक कोयता होतो. मी तोडायचो, ती मोळी बांधायची, आणि आमची जोडी टोळीत कुणाला ऐकत नव्हती. त्या दिवाळीनंतर टोळी निघाली तेव्हा मी अर्धाही उरलो नव्हतो. सुमती तिच्या भावाबरोबर, तुमच्या शमुवेलबरोबर गेली. ट्रकवर चढताना तिनं मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर तिला जाता आलं नसतं, हे मला आता कळतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की बायको ऊस तोडायला गेली आणि नवरा सासुरवाडीला बाजेवर पडलाय.

ती बाज तुमच्या दारातल्या लिंबाखाली होती. हाताच्या खुंटावर टॉवेल गुंडाळून मी दिवसभर तिथं पडलेला. रस्त्यानं जाणारं माणूस थांबायचं, हळहळायचं, आणि मी सुरू व्हायचो. कुठं थांबायचं, कुठं श्वास घ्यायचा, कुठं टॉवेल जरा बाजूला करायचा, हे मला हळूहळू जमत गेलं. बायका डोळ्यांना पदर लावायच्या. एकदा शेजारची म्हातारी असंच ऐकून गेली आणि तुम्ही सुपातून मान वर न करता म्हणालात,

"परवा सांगताना तुमाला दवाखान्याच्या दारात रडू आलतं. आज वार्डात जाईस्तोवर थांबलात."

मी इतका चिडलो की जेवलो नाही. तुम्ही माझं ताट झाकून ठेवलंत आणि स्वतः भाकरी खाऊन घेतलीत. मनवायला आला नाहीत. दुसऱ्या दिवशी तीच शिळी भाकरी कुस्करून समोर ठेवलीत. खाल्ली. काय करणार?

मी जन्मानं ख्रिस्ती, पण नाताळाला नवा शर्ट घालण्यापुरता. तुमचं तसं नव्हतं. तुमचा देव तुमच्याबरोबर चुलीपाशी असायचा, गोठ्यात असायचा. पीठ मळताना तुम्ही त्याच्याशी बोलायचात, मीठ संपल्याचंसुद्धा त्याला सांगायचात. मला त्याचा राग यायचा. मला वाटायचं, हिची देवाशी एवढी ओळख आहे तर माझ्या हातासाठी हिनं शब्द का टाकला नाही?

नाताळ झाला, विहिरी तळाला गेल्या, आणि दूध सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी उघडली. एरवी त्या सोसायटीत सकाळ-संध्याकाळ दूध गोळा व्हायचं. आता दूधच आटलं होतं. निदान जनावरं तरी तगावीत म्हणून सभासदांनीच बांबू-ताडपत्र्या आणून ओळीनं मांडव घातले. चारा सोसायटी देणार, पाणी टँकरनं येणार, पण जनावराजवळ ज्याचं त्यानं राहायचं. तुमची एकच गाय, चांदी. तुमचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते.

"चला जावईबापू, छावणीला जायचं."

"मी काय करू तिथं? एका हातानं?"

"मी हात कुठं मागितलाय? गायीजवळ बसायचं हाय. बसायला तर तुमी हिथंबी बसताच की."

त्या दिवशी माझा तोल सुटला. मी म्हणालो, "तुमचा देव लई मोठा ना, मामी? मग त्याला यंत्र बंद करता येईना व्हय? एवढ्या मुलखात त्याला माझाच हात दिसला?"

मला वाटलं, आता तुम्ही शास्त्र काढाल. देवाची इच्छा, देवाची परीक्षा, असलं काहीतरी सांगाल, आणि मग मला आणखी चिडता येईल. मी तयारच होतो.

"मला ठावं न्हाई," तुम्ही म्हणालात. "खरंच ठावं न्हाई. त्याची भेट झाली की इचारीन. पर एक सांगते, राग येऊ देऊ नका. हात गेला ते वाईटच झालं. मी दवाखान्यात तुमच्या पायथ्याला बसून लई रडले, तुमाला शुद्ध नव्हती तवा. पर तुमी त्या गेलेल्या हाताला पाळण्यात घालून झोके द्यायलात. रोज. आल्यागेल्याला बोलावून दाखवायलात. ते काय लेकरू हाय का? ते काई मोठं व्हायचं न्हाई, जावईबापू. तुमीच बारीक व्हायलात."

मी छावणीला गेलो ते रागानं गेलो. चांदीचा कासरा डाव्या हातात धरला आणि चालायला लागलो. तुम्ही मागून घागर आणि बोचकं घेऊन, गुडघे धरत. वाटेत तुम्ही भजन म्हणत होतात, तेही मला सहन होईना.

छावणीत पहिले दिवस मी तोंड फिरवून बसायचो. चाऱ्याला उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याची हिरवी पाती, यायचे. ज्या वाढ्यांच्या पेंढ्या आम्ही दोघांनी फडात हजारांनी बांधल्या, त्या मी आता उतरूनसुद्धा घेऊ शकत नव्हतो. तुम्ही काही म्हणायचा नाहीत. एका सकाळी मात्र शेणाची पाटी माझ्यासमोर आणून आदळलीत.

"हे काय?"

"गोवऱ्या थापायच्यात."

"बायकांचं काम हाय ते. आन् मला हात..."

"गोवरी एकाच हातानं थापत्यात," तुम्ही म्हणालात. "दुसऱ्या हातानं बायका नुसत्या माश्या हाकत्यात."

मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही अगदी गंभीर होतात. आणि मला हसू फुटलं. हात गेल्यापासूनचं पहिलं हसू, तेही शेणावर. तुम्ही पदर तोंडाला लावून पाठ फिरवलीत, पण तुमचे खांदे हलत होते. माझ्या पहिल्या गोवऱ्या बघून सगळी छावणी हसली. भाकरीसारख्या गोल आहेत असं कुणीच म्हणालं नसतं. पण वाळल्या, आणि जळाल्याही.

दिवस मावळताना तुम्ही चांदीपाशी प्रार्थनेला बसायचात. मला सक्ती नव्हती, पण एकाच ताडपत्रीखाली किती लांब जाणार? तुमची प्रार्थना म्हणजे सगळ्या छावणीची हजेरी. "प्रभू, त्या टँकरच्या डायवरला झोप येती, त्याला सांभाळ. प्रभू, पलीकडच्या मांडवातली पोरगी बाळंतपणाला आलीय, तिला उन्हात पाणी वाहावं लागतंय. प्रभू, सुमती आन् शमुवेलचे पाय साप-किरड्यापासून राख." स्वतःचे गुडघे तुम्ही शेवटी काढायचात, कधी कधी विसरूनच जायचात. मग एका संध्याकाळी म्हणालात, "आता तुमी एक नाव घ्या. तुमचं सोडून कुणाचंबी."

मला खरंच कुणाचं नाव येईना. इतके दिवस तिथं राहून मला एकाही माणसाचं दुःख माहीत नव्हतं. सगळ्यांना माझं माहीत होतं.

"मग उद्या जा आन् इचारून या," तुम्ही म्हणालात.

दुसऱ्या दिवशी मी किसनरावांच्या मांडवात गेलो. गावातलं मोठं शेतकरी घर त्यांचं. कधी काळी मी त्यांच्याकडं खुरपायला गेलो होतो. हौशा नावाचा बैल घेऊन ते स्वतः छावणीत येऊन राहिले होते. घरच्या गड्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

"किसनराव, कसं काय चाललंय?"

"माझं काय इचारतो? तुझं सांग. हाताचं कसंय?"

एरवी मी सुरू झालो असतो. पण मला संध्याकाळी नाव द्यायचं होतं. म्हणालो, "हाताचं ऱ्हाऊ द्या. तुमचं सांगा."

ते जरा दचकले. मग बाजेची एक बाजू मोकळी केली. सांगायला लागले ते बराच वेळ सांगत राहिले. घरातल्या दावणीची जनावरं विकावी लागली. हा एक हौशा ठेवला. "आणि खरं सांगू का? सकाळी चाऱ्याच्या रांगेत उभं ऱ्हायचं म्हणलं की माझे पाय उचलत न्हाईत. आमच्या वाड्यावरून लोक वैरण मागून न्यायचे रे. आता मी हात पसरून उभा."

त्या संध्याकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं प्रार्थना केली. "प्रभू, किसनरावांना रांगेत उभं ऱ्हायची लाज वाटती. त्यांच्याजवळ ऱ्हा." तुम्ही एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलंत आणि पुन्हा मिटलात. मला वाटतं, तुम्ही तेव्हा प्रभूला डोळा मारला असणार.

दुसऱ्या सकाळी मी रांगेत जाऊन किसनरावांच्या शेजारी उभा राहिलो. त्यांनी जरा सरकून जागा केली.

तुमची स्वतःची गोष्ट तुम्ही मला गोवऱ्या थापतानाच सांगितलीत. मामा गेल्यावर तुम्ही दोन लेकरं घेऊन एकट्या. तुम्ही म्हणालात, "मीबी पाळणा हलवलाय, जावईबापू. तुमच्यापेक्षा मोठा. देवळात जायची ती प्रभूला फकस्त माझं गाऱ्हाणं सांगायला. माझाच नवरा कावून नेलास? माझाच कावून? बाकीच्या बायकांचे नवरे जित्ते बघून मला त्यांचा राग यायचा." मग एका उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तुम्ही देवळात बसला होतात. पाळक प्रभूच्या वधस्तंभाचं सांगत होते. लहानपणापासून ऐकलेलंच सगळं. पण त्या दिवशी तुमच्या मनात एकच गोष्ट अडकली. अंगात खिळे, तोंडाला कोरड, आणि तरी त्याचं लक्ष आईकडं होतं. माझ्या माघारी हिला कोण बघंल, ह्याची त्यानं तिथून सोय लावली. शेजारी टांगलेल्या चोराशी तो धीराचं बोलला. ज्यांनी मारलं त्यांच्यासाठी मागणं केलं.

तुम्ही शेणानं भरलेला हात वर धरलात आणि म्हणालात, "त्याचे तर दोनी हात अडकलेले होते, जावईबापू. तरी बघा, किती काम केलं."

मी खूप प्रवचनं ऐकली आहेत त्यानंतर. चांगल्या चांगल्या माणसांची. ह्या एका वाक्याच्या पुढं मला अजून जाता आलेलं नाही. आणि तुम्ही लगेच म्हणालात, "तोबी रडला हां. 'मला कावून सोडलंस' म्हनून बापाला इचारलं त्यानं. इचारायला बंदी न्हाई. पर इचारून झाल्यावर तिथंच बसून ऱ्हायला न्हाई."

पुढं हौशा बसला. उन्हाचा कडाका वाढला होता, टँकर लांबला होता. बसलेलं जनावर वेळेत उठवलं नाही तर मग उठत नाही. किसनराव ओरडले तशी माणसं धावली. मीही धावलो. पोटाखालून पोती सारली, दोर घातले, निम्मे इकडून, निम्मे तिकडून. मी हौशाच्या बरगडीला खांदा लावला आणि खुंट त्याच्या काखेत घातला. जोर लावताना टॉवेल कधी गळून पडला कळलं नाही. किसनराव माझ्याच अंगावर ओरडले, "आरं तिकडून काय करतो बे? खाली घाल हात! खाली! जोर न्हाई का अंगात?"

मामी, तो 'बे' मी अजून विसरलो नाही. हात गेल्यापासून माझ्यावर कुणी ओरडलंच नव्हतं. सगळे हळू बोलायचे. मी खाली हात घातला, म्हणजे जो होता तो घातला, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून हौशाला उभं केलं. तो लटपटला, पुन्हा बसायला झाला, आम्ही धरून राहिलो. शेवटी त्यानं स्वतःच्या पायांवर भार घेतला. किसनराव त्याच्या गळ्यात पडून रडत होते. माझा उघडा खुंट शेणानं आणि घामानं माखला होता आणि त्याच्याकडं कुणीच बघत नव्हतं. मीसुद्धा नाही. तुम्ही लांबून बघत होतात. टॉवेल उचलून तुम्ही झटकलात, आणि मला न देता स्वतःच्या खांद्यावर टाकलात. त्यानंतर मी खुंट झाकला नाही.

त्या दिवशी संध्याकाळी किसनराव आपल्या दोघांच्या चुलीपाशी येऊन बसले आणि म्हणाले, "सुगंधाबाई, च्या टाका." गावात त्यांच्या घरच्या कुणी आजवर तुमच्या घरचं पाणी घेतलेलं मी बघितलं नव्हतं. तुम्ही काही मोठं झाल्यासारखं दाखवलं नाही. नुसतं म्हणालात, "दूध न्हाई, काळा घ्यावा लागंल."

मग आला देवळातला कापणीचा सण. एरवी मंडळीतले लोक शेतात पिकलेलं पहिलं देवापुढं आणतात, ज्वारी, हरभरा, भोपळा, कोंबडी, अंडी, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. त्या वर्षी कुणाकडं काय पिकलं होतं? मला वाटलं, यंदा आपण जाणार नाही. तुम्ही पाटी भरली, वर स्वच्छ धुतलेलं फडकं झाकलं, आणि आपण एसटीनं वडवणीला गेलो. देवळात वेदीपुढं लोकांनी ठेवलेलं थोडंच होतं. कुणी मूठभर हरभरा, कुणी विकत आणलेला नारळ. तुम्ही पाटी ठेवलीत आणि फडकं काढलंत.

गोवऱ्या.

मागच्या बाकावरून कुणी तरी हसलं. पाळकसाहेब गोंधळले. ही पाटी वेदीजवळ ठेवावी की बाहेर, त्यांना कळेना. मला जमीन फाटून आत घेईल तर बरं, असं झालं. तुम्ही पदर सावरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "यंदा आमच्याकडं हेच पिकलं, पाळकसाहेब. जावयानं थापल्यात. एका हातानं."

मग पाळकसाहेबांच्या बाई पुढं झाल्या, त्यांनी पाटी उचलून नारळाशेजारी ठेवली, आणि पाळकसाहेबांनी उपकारस्तुतीची प्रार्थना सुरू केली. उपासनेनंतर त्या गोवऱ्यांचा लिलाव झाला नाही. देवळामागं चूल मांडून त्यांच्यावरच सगळ्या मंडळीचा चहा केला. मी धुरात उभा राहून तो चहा प्यायलो. वाईट जळत नव्हत्या.

पाडव्याच्या सुमाराला सुमती आली. उन्हानं करपलेली, हातांवर पाचटाचे ओरखडे. ती सरळ छावणीतच आली. मी मांडवात होतो. तिनं सगळ्यात आधी माझ्या उघड्या हाताकडं बघितलं आणि मग तोंडाकडं. म्हणाली, "तुमी जाड झालात." आणि रडायला लागली. मी तिला विचारलं, "तुझे पाय कसे हायत?" नंतर तिनं मला सांगितलं की टोळीतून येताना तिला एकच भीती होती, की मी माझंच सांगत बसेन आणि तिला तिचं काहीच सांगता येणार नाही.

पाऊस झाला, छावणी उठली, सोसायटी पुन्हा सुरू झाली, आणि किसनरावांनी शब्द टाकल्यावर मला दुधाची फॅट मोजायला ठेवलं. आम्ही तुमच्याजवळच घर केलं. पण मामी, मी एका दुष्काळात बरा झालो आणि मग बराच राहिलो, असं कुणी समजू नये. तुम्हाला तर ठाऊकच आहे. आमची रूथ झाली तेव्हा सगळ्यांनी तिला दोन हातांच्या ओंजळीत घेतलं, आणि मला घेता येईना म्हणून मी मागं जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. तुम्ही आलात. म्हणालात, "पाळणा हलायला लागला जणू?" मी भिंतीचा पोपडा नखानं काढत राहिलो. "हलवायचाच हाय तर आत या. तिथं खरा टांगलाय. पोरगी रडायलीय." आणि मला रूथच्या पाळण्याची दोरी डाव्या हातात देऊन तुम्ही खुशाल भाकरी करायला गेलात.

आपलं एक भांडण मात्र अर्धंच राहिलं.

मागच्या वर्षी तुमचा खुबा मोडला आणि तुम्ही अंथरुणाला खिळलात. तुम्ही, ज्या कधी एका जागी बसला नाहीत. एका सकाळी मी चहा घेऊन आलो तर तुम्ही भिंतीकडं तोंड करून रडत होतात. "प्रभूनं मला न्यायचं तर न्यावं, असं घाण करत कावून ठिवलंय?" मला वाटलं, आता माझी पाळी. माझ्यावर जे औषध चाललं तेच तुम्हाला द्यावं. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "मामी, एक नाव घ्या. तुमचं सोडून."

तुम्ही मान वळवून माझ्याकडं असं बघितलंत की चहा हिंदकळला.

"गप बसा, जावईबापू. आज मला रडू द्या."

मी चिडून म्हणालो, "मला न्हवतं रडू दिलं तुमी."

"दिलं की. दिवाळीपातुर दिलं. रडणं येगळं, पाळणा येगळा. तुमाला अजून फरक कळंना व्हय?"

खरं सांगू? मला पुरता कळला नव्हता. मला वाटत होतं, विश्वास म्हणजे रडायचंच नाही. तुमच्यासारखं घट्ट राहायचं. त्या दिवशी तुम्ही पोटभर रडलात. मी नुसता बसून राहिलो, काहीच न सुचवता. मग तुम्ही नाक पुसलंत, चहा मागितलात, थंड झाला म्हणून मला बोलून घेतलंत, आणि विचारलंत, "शेजारच्या सुनेचं काय झालं? तिला दवाखान्यात नेलं का न्हाई?"

मला तुम्हाला विचारायचं होतं, की रडणं कुठं संपतं आणि पाळणा कुठं सुरू होतो, ते माणसाला आतून कसं कळतं? उद्या विचारू म्हणून राहिलं. परवा ओसरीवर माझा आवाज दाटला तो कुठला होता, मामी? थोडा पाळणा होता, हे मला कळलं. पण सगळाच नव्हता. तुम्ही खरंच माझी आई होतात. हे मी तुम्हाला तोंडावर कधी बोललो नाही. जावई असं बोलत नाहीत.

शेवटच्या दुपारी सुमती विहिरीवर गेली होती. तुमचा आवाज अगदी बारीक झाला होता. तुम्ही खूण करून मला जवळ बोलावलंत.

"प्रार्थना करा. डोक्यावर हात ठिवून."

मी डावा हात तुमच्या कपाळावर ठेवला. तुम्ही मान हलवलीत.

"ह्यो न्हवं. त्यो."

मी थांबलो. इतक्या वर्षांत तुम्ही त्या हाताला कधी शिवला नव्हतात. जावयाच्या अंगाला सासूनं हात लावायचा नाही, म्हणून असेल. मी खाली वाकलो आणि खुंट तुमच्या पांढऱ्या केसांवर ठेवला. तुमचं डोकं तापलेलं होतं. मी प्रार्थना केली. तुमचं नाव घेतलं, तुमच्या मोडलेल्या हाडाचं नाव घेतलं, तुमची सगळी माणसं एकेक करून प्रभूच्या हवाली केली. त्यानं तुम्हाला माझ्या आयुष्यात आणलं म्हणून त्याचे उपकार मानले. ते मानताना मला थांबावं लागलं, आणि तुम्ही थांबू दिलंत.

"आमेन," तुम्ही म्हणालात.

मी हात काढायला लागलो, तर तुम्ही डोळे मिटलेलेच ठेवून पुटपुटलात,

"लई जड हाय हो तुमचा हात."

आणि आपण दोघंही हसलो.